कापलेला डायोड

बहारासाठी महिनाभर पाणी बंद ठेवून दिलेला ताण तोडून संत्र्यांना पहिलं पाणी द्यायचं, त्याच दिवशी लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटोस्टार्टर बंद पडला. मिस्त्रीनं आतला छोटा काळा डायोड दाखवला. "वहिनी, लाइटीचा झटका यानं सोसला, म्हणून बोर्ड वाचला; पण हा जळून अडकला, म्हणून मोटर उठत नाही. नवा उद्या पांढुर्ण्याहून आणतो."

"झाडं सुकून राहिली, भाऊ. काढून टाक अन् मोटर चालू करून दे."

"नको, पुढचा झटका थेट बोर्डावर जाईल," म्हणत म्हणत त्यानं तो कापला, मोटर चालू झाली. संध्याकाळी लाइट जाऊन आली अन् बोर्ड जळाला.

नवऱ्याचे मोठे भाऊ मिस्त्रीला बोलावून त्याच्यावर ओरडले, "तुले काई समजते का बे?" त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नाही. दाराआड पदर धरून उभी राहिले. त्याच्यासाठी ठेवलेला चहा गॅसवर उकळत राहिला, तो तसाच निघून गेला.