घरच्या गाडीला कोरा पट्टा

गेल्या सोमवारी सकाळी गारगोटीच्या रस्त्यावर माझ्या मावशीनं करकचून ब्रेक दाबला, सीटबेल्ट तटकन तुटला आणि तिचं कपाळ फुटलं. पट्टा अपघातातल्या गाडीचा होता. विकणारा कोल्हापुरातला, आमच्याच गल्लीतला. चेपलेल्या गाड्यांचे भाग तो शाम्पूनं धुतो, उन्हात वाळवतो आणि "पावणं, वरिजनल हाय की!" म्हणत आधी चहा पाजतो. एकदा ताणलेला पट्टा पुन्हा धरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा तो स्वतःच्या गाडीला कोरा पट्टा बसवत होता.

"दुकानात एवढे लटकतायत, मग नवा कशाला?" मी विचारलं.

"हिच्यात घरची माणसं बसत्यात की!"

त्याच्याकडचा पट्टा तुमच्या गाडीत असेल, तर आजच काढा आणि त्याच्या दारात नेऊन टाका.