कोळवणच्या सूनबाईचं पत्र

नोकरीत शेकडो गुन्हे तपासले, त्यातले बरेचसे विसरलोही. हा एक मात्र अजून पाठ सोडत नाही. आरोपी सापडला, कागद सापडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि तरी यात चुकलो मीच. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बसतोय तोच भुकूमच्या एका नव्या सोसायटीतलं जोडपं आलं. दोघंही आयटीत, मूळचे लातूरकडचे. कोळवण खोऱ्यातल्या प्लॉटसाठी त्यांनी एका एजंटला विसार दिला होता, आणि एजंट ऑफिसला कुलूप लावून पसार झाला होता. तलाठ्याकडे गेल्यावर कळलं की ती जमीन विक्रीला नाहीच. सोसायटीतली आणखी आठ घरं अशीच फसली होती.

"एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आधी सातबारा बघायचा नाही का?" मी फटकारलं. माझा स्वभाव तापट, तो मी कधी लपवला नाही.

बाई म्हणाल्या, "साहेब, प्लॉटवाल्यांचे रोज दहा फोन येतात, सगळे ब्लॉक करतो. पण हे पत्र होतं. हातानं लिहिलेलं, आमच्या नावानं. माझी आई लिहायची तसं."

लिफाफ्यात प्लॉटचा छापील नकाशा होता आणि एका पानाचं पत्र. टपोरं, सरळ अक्षर. 'स. न. वि. वि. आपली ओळख नाही, म्हणून आधी आमची सांगते. आम्ही कोळवण खोऱ्यातले, चार पिढ्या भात करतो. आमचं खाचर डोंगराच्या पायथ्याला आहे. पावसाळ्यात रस्ता चिखलाचा असतो, गाडी खाली लावून चालत यावं लागेल. न बघता कुणावर विश्वास ठेवू नका, आमच्यावरही नको. एकदा पोराबाळांना घेऊन या आणि डोळ्यांनी बघून जा.'

आपल्याच मालाची खोट आधी सांगणारा विकणारा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मनात म्हटलं, लिहिणारी बाई चांगलीच पोचलेली दिसते. गुन्हा दाखल करून घेतला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दूध घालणारा गवळी आला. पत्र टेबलावर होतं. तो वाकून बघत म्हणाला, "आवो सायेब, ह्ये अक्षर मी रोज बघतोय की! आमच्या डेअरीच्या फळ्यावर हेच अस्तंय. त्या अमक्याची सून लिवती."

खबर इतकी आयती क्वचित मिळते. महिला शिपाई सोबत घेऊन मी कोळवणकडे जीप काढली.

घर शेतकऱ्याचं, नीटनेटकं. ओट्यावर सासरा बसला होता, सत्तरीचा, लिहिता-वाचता न येणारा. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "न्या हिला. माजी जमीन इकाया काढली हिनं. गावात त्वांड दाखवाया जागा न्हाई ऱ्हायली." प्लॉट म्हणून दाखवलेलं खाचर त्याचंच होतं. लोक पत्र घेऊन परस्पर मोजणी करायला आले आणि पुतण्याने अक्षर ओळखलं, तेव्हा त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून तो सुनेच्या हातचं पाणीही घेत नव्हता. म्हातारा शेजारच्या पुतण्याकडे जेवायचा. नवरा कंपनीत कामाला, तो बापापुढे ब्र काढत नव्हता.

सून पस्तिशीची, दारात उभी होती. मी पत्र लांबूनच तिच्यासमोर धरलं. ही माझी जुनी सवय. नवा असताना एका संशयिताने मूळ कागद माझ्यादेखत चावून गिळला होता. तेव्हापासून कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, हे ठरलेलं.

"हे अक्षर तुमचं?"

"व्हय, माजंच हाय."

"अशी किती पत्रं लिहिली?"

"साठ-सत्तर आसतील. त्यो एजंट कागद आनून द्यायचा, नावं सांगायचा, मी लिवायची. का वो सायेब, लिवू ने का?"

"कशासाठी लिहिली?"

"गिऱ्हाइकं मिळावी म्हून."

झालं! मी जबाब तिथेच लिहून घेतला. कसली गिऱ्हाइकं, हे विचारायचं मला सुचलं नाही. एवढ्या धिटाईने बोलते म्हणजे मुरलेली आहे, असंच मी धरून चाललो.

आठवड्याभरात एजंट पकडला. रिमांड मिळाली. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, पत्रांची सगळी कल्पना त्या बाईची. निम्मी पार्टनर आहे ती." मला हवं तेच तो बोलत होता. बाईला आरोपी क्रमांक दोन करायचा कागद मी तयार करायला घेतला.

त्यासाठी पत्राचा मजकूर शब्दन् शब्द उतरवायचा होता. हवालदार लिहीत होते, मी वाचत होतो. 'डोळ्यांनी बघून जा' इथे थांबलो. हवालदार पेन धरून म्हणाले, "पुढं?"

"पुढं काही नाही."

"असं कसं साहेब? कळावे, लोभ असावा नाही? सही नाही?"

मी पान उलटलं. मागे कोरं. सगळी नऊ पत्रं काढली, सगळी तिथेच थांबलेली. 'स. न. वि. वि.'ने सुरुवात करणारं माणूस 'कळावे' न लिहिता पत्र संपवील? आपल्याकडे भांडणाच्या पत्रातसुद्धा शेवटी लोभ मागतात.

एजंटला समोर बसवलं. "दुसरं पान कुठंय?" एवढंच विचारलं. त्याचा चेहरा खाडकन उतरला. अर्ध्या तासाने म्हणाला, "रद्दीत टाकली. ऑफिससमोरच्या वडेवाल्याकडे."

वडेवाल्याच्या गाड्यावर गठ्ठा निम्मा संपला होता. उरलेल्या पानांवर तेलाचे डाग. पंचांसमक्ष जप्त करताना एक पान मी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. त्यात प्लॉटचं अवाक्षर नव्हतं, होता तो तांदूळ.

मग एजंटनेही कबूल केलं. त्याने बाईला सांगितलं होतं की सोसायटीतली माणसं वर्षाचा तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घेतात, तुमचा इंद्रायणी मी खपवून देतो. ओळख एका पानावर लिहायची, मालाचं दुसऱ्या पानावर, शहरात अशीच पद्धत आहे. ती बिचारी तसं लिहीत गेली. घरात तिने तांदळाचं सांगून पाहिलं होतं, पण म्हाताऱ्याने ऐकूनच घेतलं नव्हतं.

त्याच दुपारी पानं घेऊन मी पुन्हा कोळवणला गेलो. सासरा ओट्यावरच होता. "आजोबा, सुनेनं काय लिहिलंय ते ऐका," म्हणालो आणि मोठ्याने वाचलं.

'आमच्या मामंजींचं म्हणणं आहे की जमीन ही आमच्याकडे विकायची वस्तू नाही, पण तिचं भात खुशाल न्या. भात त्यांच्या देखरेखीखाली होतो. या वयातही ते बांधावर उभे असतात, म्हणून खात्री देते. घरी माणसं किती ते कळवा, तेवढा तांदूळ बाजूला काढून ठेवते. कळावे, लोभ असावा.' खाली तिची सही.

म्हाताऱ्याने पान मागून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग आत तोंड करून म्हणाला, "पोरी, ताट कर. हितंच वाढ मला."  सून पदर तोंडाला लावून आत गेली. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

ताट ठेवून ती माझ्याकडे वळली. "सायेब, त्या दिशी कागद माज्या हातात का न्हाई दिला? मी तवाच म्हनले असते, ह्ये अर्दंच हाय म्हून."

"वाटलं, तुम्ही फाडून टाकाल."

"माजंच पत्र मी कशाला फाडीन?"

मी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं माझं, वहिनी," म्हणालो. वर्दीत असताना हे शब्द मी कुणापुढे उच्चारले नव्हते. पुढे ती सरकारी साक्षीदार म्हणून उभी राहिली, आणि तिच्या साक्षीवरच एजंटला शिक्षा लागली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. ज्याचा कागद असेल, त्याच्या हातात आधी त्याची झेरॉक्स द्यायची, पूर्ण वाचू द्यायचं आणि मगच पहिला प्रश्न विचारायचा. काहींनी वाचून मान खाली घातली, काहींनी माझी चूक दाखवली. पण त्या बाईच्या आधीची वीस-बावीस वर्षं मी कागद लांबूनच दाखवत होतो. 'व्हय, माजंच अक्षर' एवढं ऐकून मी किती जणांचे जबाब मिटले आणि त्यांना पुढे काय सांगायचं होतं, ते आता कळायला मार्ग नाही.