हलवून भरलेली टाकी

डिझेलची गाडी काळा धूर सोडू लागली म्हणून बुलढाण्याला मिस्त्रीकाकांकडे टाकली. काका आमच्याच धामणगाव बढ्याचे, वय पासष्ट. त्यांनी इंजेक्टर साफ करून बसवले आणि आम्ही दोघं राजूर घाट उतरून गावी आलो. गावच्या पंपावर थांबलो तेव्हा समोरच्या पडद्यावर अ‍ॅव्हरेज चौतीस होतं. दुरुस्तीपूर्वी ते चौदा असायचं.

पंपावरच्या पोऱ्यानं आत डोकावून पाहिलं. "चौतीस! गाडी हाय का मोटारसायकल?"

काकांना आनंद झाला नाही. "काम करताना बॅटरी काढली होती. पडदा नव्यानं मोजून राह्यला. घाट उतरताना इंजिन डिझेल पीत नाही. ते चौतीस घाटाचं आहे, माह्यं नाही."

"मंग तुमचं किती?"

"सोळा. पंधराच्या खाली आलं त हा पाना मी परत हाती घेणार नाही." काकांनी खिशातला पाना काढून दाखवला.

अशी अट कोणी मागितली नव्हती.

पद्धत ठरली : टाकी फुल करायची, शंभर किलोमीटर चालवायची, पुन्हा फुल करायची. पोऱ्यानं नळी आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरलं. दुसऱ्या दिवशी मी मलकापूरच्या बाजूला सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर फिरून पंपावर आलो. पडदा सतरा दाखवत होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. तो आधी चौतीस बोललेला होता.

पंपावर काका होते आणि कॅन घेऊन आलेले चार शेतकरी होते. चौघंही काकांचे गिऱ्हाईक.

"काकाच्या इज्जतीचा सवाल आहे," एक म्हणाला. "टाकी गच्च भरली पायजे. हलवा बे!"

आमच्याकडे टाकी अशीच भरतात. दोघं या बाजूला, दोघं त्या बाजूला, गाडी गदागदा हलवायची. आतली हवा निघते, डिझेल खाली बसतं, मग आणखी ओतायचं. मी आतच बसलेलो होतो. मलाही हलवण्यात आलं.

अकरा लिटर बसलं. अ‍ॅव्हरेज नऊ.

काकांनी पाना पंपाच्या टेबलावर ठेवला आणि पायी घरी गेले. बुलढाण्याचं गॅरेज बंद राहिलं. माझी गाडी दारात उभी राहिली.

चौथ्या दिवशी त्या चौघांतला एक माझ्याकडे आला. "भाऊ, माह्यी पिकअप बंद पडली. काका कुलूप उघडून नाही राह्यले. तुम्ही सांगा ना त्याईले."

मी त्याला माझ्या डिझेलच्या वहीतली नोंद वाचून दाखवली : पहिल्यांदा नळी बंद होईपर्यंत, दुसऱ्यांदा हलवून अकरा लिटर. तो ऐकत होता.

"पहिल्या खेपेले गाडी कोणं हलवली होती?"

"कोणीच नाही."

"काऊन?"

"तुम्ही नव्हता."

"म्हंजे वरचं सारं आम्हीच कोंबलं?"

टाकी त्या दिवसापासून हलवून भरलेलीच होती. तेव्हा आणखी शंभर किलोमीटर चालवून तितकीच हलवून भरणं पुरेसं होतं. तितकी म्हणजे किती, यावर वाद झाला. एक म्हणाला वीस हिसके, दुसरा म्हणाला पंचवीस. शेवटी तोंडाशी डिझेल दिसेपर्यंत हलवायचं ठरलं. मी शंभर किलोमीटर फिरून पंपावर आलो. तेच चौघं, त्याच जागांवर. काका बोलावल्यावर आले, पण दहा पावलांवर पाठ करून उभे राहिले.

सहा लिटर बसलं.

"किती आलं?" काकांनी पाठमोरंच विचारलं.

"साडेसोळाच्या वर."

"मी सोळा म्हटलं होतं," ते म्हणाले. त्यात थोडी तक्रार होती.

पाना टेबलावर पावतीपुस्तकावर वजन म्हणून ठेवलेला होता. काकांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि ओढून आणलेल्या पिकअपचं बॉनेट उघडायला सांगितलं. चौघं सवयीनं तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहिले.

"हात नका लावू बे कोणी," काका म्हणाले.