पोत्यातला बोक्या

कॉटनपेटेतल्या तुळसाक्कांना दोनच नाद होते, बोक्या आणि लाठी. शिंप्याच्या घरातल्या या विधवा बाई संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की गच्चीवर लाठी फिरवायच्या, आणि बोक्या कठड्यावर बसून बघायचा. अठ्ठावन्न सालच्या दसऱ्यात त्याने शेजारच्या भीमोजीरावांचं कबुतर मारलं. थोड्याच वेळात त्यांच्या परसातून बोक्याचं किंचाळणं ऐकू आलं. तुळसाक्का लाठीसकट धावल्या. धुण्याच्या दगडावर तोंड बांधलेलं पोतं ठेवून भीमोजीराव ते सोट्याने बडवत होते. पोतं रक्ताने भिजलं होतं.

“अहो अण्णा, मांजर मारल्याचं पाप काशीला जाऊनही फिटत नाही!”

“मांजर कुठं मारतोय अक्का? मी पोतं मारतोय. आत काय आहे ते देवाला ठाऊक.”

“सरी, ठीक आहे. मग मीही तुमचा सदराच झोडपते.”

पहिल्या फटक्यात मनगट मोडलं. दुसऱ्यात भीमोजीराव दात थुंकत खाली बसले. तुळसाक्कांनी पोत्याची गाठ सोडली. एक डोळा फुटलेल्या बोक्याने भीतीपोटी त्यांचाच हात कोपरापर्यंत फाडला. त्यांनी त्याला तसाच छातीशी आवळला. त्याच्या काळजाची धडधड हाताला लागत होती. रामनाम घेत, रक्त गाळत त्या घरी निघाल्या.