खरं नाव विचारायचं नाही

ग्लेनिस हार्कपबद्दल आमच्या हॅल्डर्बी गावात दोन मते होती, आणि ज्यांनी तिच्या हातचा चहा कधी प्यायला नाही त्यांचेच मत जास्त मोठ्याने ऐकू यायचे. ती काम करायची त्या जागेपासून माझे दुकान एकच दार सोडून. बूट दुरुस्ती आणि किल्ल्या. टॅनर लेनमध्ये आधी मी, मग सट्टेवाला आणि मग 'मॅग्नोलिया'. मॅग्नोलिया म्हणजे जिथे मुली खांबाभोवती नाचत कपडे उतरवतात, तसला क्लब. उगाच आडपडदा कशाला ठेवू? गावातले निम्मे पुरुष तिथे जाऊन आलेले होते आणि उरलेले निम्मे खोटे बोलत होते.

ग्लेनिस अर्थातच नाचत नव्हती. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, दर रविवारी चॅपलमध्ये प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणारी बाई ती. मॅग्नोलियाच्या मागच्या खोलीत ती मुलींचे सगळे बघायची. केस कुरळे करून दे, तुटलेली पट्टी शिवून दे, रडणारीला टोस्ट दे, जास्त झालेलीला टॅक्सीत बसव आणि टॅक्सीचा नंबर लिहून घे. मुली तिला आँटी ग्लेन म्हणायच्या.

आधी ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिने मॅग्नोलियात साफसफाईचे काम धरले. पहिल्याच आठवड्यात तिला एक मुलगी संडासात रडत बसलेली दिसली. ग्लेनिसने हातातले फडके बाजूला ठेवले ते ठेवलेच. तिचा नवरा रॉय तेव्हा हयात होता, बस चालवायचा. तो एकदा माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाला, "केन, माझी बायको नागड्या पोरींना सूप पाजते रे. डेपोत लोक विचारतात, काय सांगू?"

"सूप चांगलं असतं म्हणून सांग," मी म्हणालो. त्याने खरेच तसे सांगितले.

मुलींचे बूट माझ्याकडे यायचे. वीतभर उंच टाचा, खाली काचेसारखे प्लास्टिक. ग्लेनिस ते बाजाराच्या पिशवीत घालून आणायची, प्रत्येक जोडावर चिकटपट्टीने नाव लावलेले असायचे. चेरी, सफायर, डकोटा. यातले एकही नाव आईबापांनी ठेवलेले नव्हते, हे सांगायला नको. डकोटाची डावी टाच सारखी मोडायची. ती ताडमाड उंच पोरगी, चालायची गवंड्यासारखी आणि हसायची तर सट्टेवाल्याच्या दुकानात ऐकू जायचे. ग्लेनिस तिला सगळ्यांत जास्त रागवायची, त्यावरून काय ते समजा.

मॅग्नोलियाच्या मागच्या खोलीत एकच नियम होता आणि तो ग्लेनिसचा होता. खरे नाव कोणी कोणाला विचारायचे नाही. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाने एका मुलीचे खरे नाव कोणाकडून तरी काढले आणि तो थेट तिच्या लेकराच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून हा नियम. मुलींची ओळखपत्रे मालकाच्या कुलपात असत, कायद्याने ठेवावीच लागत. पण ग्लेनिसने ती कधी पाहिली नाहीत. नवी मुलगी सवयीने खरे नाव सांगायला लागली की ग्लेनिस तिच्या तोंडावर हात ठेवायची. "मला नको, बाळा. जे मला ठाऊकच नाही, ते माझ्याकडून कोण काढून घेणार?"

अशा क्लबाचा परवाना दरवर्षी नगरपालिकेकडून नव्याने घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे तो मिळत आला. मग समोरच्या लोकरीच्या जुन्या गोदामाचे फ्लॅट झाले, आणि त्यात मोठ्या खिडक्यांची आणि लहान कुत्र्यांची माणसे राहायला आली. नगरपालिकेने नवे धोरण आखले. गावाच्या मध्यभागात असे किती क्लब योग्य? उत्तर छापून आले, शून्य. मॅग्नोलियाच्या दारावर अर्जाची सूचना लागली आणि हरकती येऊ लागल्या.

हरकत घ्यायचीही एक तऱ्हा असते. 'हे पाप आहे' असे लिहिले तर चालत नाही, नीतिमत्तेवर परवाना नाकारता येत नाही. म्हणून सगळ्यांनी एकच शब्द धरला. परिसराचे स्वरूप. क्लब परिसराच्या स्वरूपाला शोभत नाही. टॅनर लेनचे स्वरूप! ही चामडे कमावणाऱ्यांची गल्ली. आमच्या पणज्यांच्या काळात इथे कातडी कुत्र्याच्या विष्ठेत भिजत पडायची आणि लोक नाक दाबून पळत सुटायचे. या स्वरूपाला चार पोरींच्या नाचाने बट्टा लागणार होता.

मुलींनाही आपली बाजू लिहायची होती. पण इथेच खरी गोम होती. हरकत घेणाऱ्याचे नाव त्याच्या मर्जीविरुद्ध अर्जदाराला सांगायचे नाही, असे कायदाच म्हणतो. बाजूने लिहिणाऱ्यांना मात्र हे कवच नाही. आमच्या नगरपालिकेत तर त्यांची नावे पत्त्यासकट सभेच्या कागदांत छापत आणि ते कागद घरबसल्या कोणीही वाचू शके. म्हणून मुलींनी निवेदन लिहिले आणि खाली सह्या केल्या, चेरी, सफायर, डकोटा, मुक्काम मॅग्नोलिया. त्यांच्या जगात तीच नावे चालत होती, यात काही चुकतेय हे एकीच्याही मनात आले नाही. नगरपालिकेच्या माणसाने ते निवेदन अवैध म्हणून बाजूला ठेवले.

उरली ग्लेनिस. परवान्याच्या सुनावणीत मालकातर्फे साक्षीदार म्हणून ती बोलणार होती. सुनावणीच्या दिवशी सकाळी चॅपलचा निळा कोट घालून ती टाउन हॉलला निघाली. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याबरोबर गेलो.

समोर नगरपालिकेच्या परवाना समितीचे तीन सभासद. अध्यक्षस्थानी हिलरी पॉकलिंग्टन, निवृत्त मुख्याध्यापिका. बाई वाईट नव्हत्या, माझी तर तीच तक्रार आहे. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते.

हरकती वाचून दाखवल्या, नावे वगळून. त्यांतली एक अशी होती, 'दर बुधवारी चॅपलची फुलं घेऊन जाताना मला या क्लबामुळे रस्ता ओलांडून पलीकडून जावं लागतं.'

मी ग्लेनिसकडे पाहिले. तिची मान लालबुंद झाली होती. आमच्या चॅपलमध्ये बुधवारी फुले रचणाऱ्या बायका दोनच. एक ग्लेनिस आणि दुसरी तिची बालमैत्रीण म्युरिअल टॉर्डॉफ.

"म्युरिअल!" मी कुजबुजलो. "ही तुझी म्युरिअल! ऊठ आणि घे तिचं नाव."

"गप्प बस, केन."

"अगं, कसली गप्प बस! तुझ्या घरी येऊन केक खाते ती."

"नाव न सांगायचा हक्क आहे तिला," ग्लेनिस म्हणाली आणि समोर बघत राहिली.

मग तिला पुढे बोलावले.

"मिसेस हार्कप," पॉकलिंग्टनबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आम्हाला या मुलींची काळजी आहे. पण त्यांच्यापैकी एकीनंही आम्हाला काही कळवलेलं नाही."

"कळवलं होतं. तुम्ही ते बाजूला ठेवलंत."

"त्यावर खरी नावं नव्हती."

"नसणारच, बाई."

"मग तुम्ही सांगा. एकीचं तरी सांगा. हवं तर मी वार्ताहरांना बाहेर पाठवते, लोकांनाही पाठवते. एक खरी मुलगी तिथं काम करते आणि तिला तिथं सुरक्षित वाटतं, एवढं आम्हाला कळू द्या."

ग्लेनिसने कोटाचे बटण घट्ट धरले.

"चेरी," ती म्हणाली. "सफायर. डकोटा."

"ही पोरींची नावं की आइस्क्रीमची?" मागून कोणीतरी बोलले आणि सगळे सभागृह हसले. पॉकलिंग्टनबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे वटारून सगळ्यांना गप्प केले आणि पुन्हा विचारले, "खरी नावं, मिसेस हार्कप."

"मला एवढीच ठाऊक आहेत."

"इतकी वर्षं तुम्ही या मुलींच्या आईसारख्या आहात, असं मालक सांगतात. आणि एकीचंही नाव तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही."

"याला तुम्ही काळजी म्हणता?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "यालाच म्हणतात."

त्यांना ते कळले नाही. कळणार कसे? त्यांच्या नावावरून माग काढत कोणी त्यांच्या घराशी येऊन उभे राहिलेले नव्हते. जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल लागला, परवाना नामंजूर. कारण परिसराचे स्वरूप.

बाहेर जिन्यावर पॉकलिंग्टनबाईंनी ग्लेनिसला गाठले आणि हातात एक रंगीत पत्रक दिले. "मुलींना द्या. नवं काम शिकवण्याची सोय आहे. हे सगळं आम्ही त्यांच्यासाठीच केलंय."

ग्लेनिसने ते दोन्ही बाजूंनी वाचले. "यात टॅक्सीपर्यंत कोण पोचवणार, ते कुठं लिहिलंय?"

बाईंना वाटले, म्हातारी गोंधळलीय. त्यांनी तिच्या दंडावर थोपटले. मला इतका संताप आला की मी जिन्यावरच थुंकलो. टाउन हॉलच्या शिपायाने मला दम भरला.

मॅग्नोलियाची पाटी उतरली. मालकाने सगळे विकले आणि तो समुद्रापलीकडे ऊन खायला निघून गेला. फोन उचलायचाही त्याने बंद केला. काही मुली दुसऱ्या शहरांत गेल्या, एकीने केक करण्याचे काम धरले. पण बऱ्याच जणींनी नाच सोडला नाही, फक्त जागा बदलली. कोणाच्या तरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कोणाच्या तरी पार्टीत. तिथे परवाना लागत नाही, सूचना लागत नाही आणि हरकत घ्यायला कोणी येत नाही. तिथे दारावर राखणीला माणूसही नसतो.

डकोटा त्यांतलीच. ती दर रविवारी सकाळी ग्लेनिसला फोन करायची. "आँटी ग्लेन, जिवंत आहे गं. तू जा तुझ्या चॅपलला." एवढेच. मग ग्लेनिस शिव्या घालत कोट चढवायची आणि निघायची.

एका रविवारी फोन आला तो चेरीचा. पोरगी नुसती रडत होती. कुठल्याशा घरात पार्टी होती, भांडण झाले, कोणीतरी डकोटाला जिन्यावरून ढकलले. अँब्युलन्स आली. पोलीस येतील या भीतीने बाकी मुली पळाल्या, त्यांत चेरीही होती. "ती हलत नव्हती, आँटी ग्लेन," एवढे बोलून तिने फोन ठेवला. तिचा फोन पुन्हा लागलाच नाही आणि डकोटाचा तर बंदच होता.

मी गाडी काढली. जवळच्या रुग्णालयात खिडकीपलीकडे एक तरुण नर्स होती. तीही वाईट नव्हती.

"पेशंटचं नाव?"

"डकोटा," ग्लेनिस म्हणाली.

"आडनाव?"

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? मला तिची टाच ठाऊक होती.

"जन्मतारीख? पत्ता?"

"उंच आहे," ग्लेनिस म्हणाली. "खूप उंच. तांबूस केस. मोठ्यानं हसते. काल रात्री आणलं असेल, जिन्यावरून पडलीय. बघा ना, बाळा."

"तुम्ही तिच्या कोण?"

नर्सने दोन-तीनदा 'सॉरी' म्हटले. नाव नसेल, नाते नसेल तर ती आत कोण आहे आणि कोण नाही हे सांगू शकत नव्हती. तसा नियम होता आणि तो नियम पेशंटच्या भल्यासाठीच होता.

तेव्हा ग्लेनिस खिडकीपासून वळली आणि आतल्या लांब बोळात चालत गेली. "डकोटा!" ती ओरडली. "डकोटा, मी आलेय गं!" खुर्च्यांवरची माणसे बघायला लागली. दोन पोरे फिसकन हसली. पहारेकऱ्याने येऊन तिला कोपराला धरले, अगदी हळूच, आणि बाहेर आणून सोडले. पोलिसांकडेही आम्ही गेलो. त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

मॅग्नोलियाच्या जागी आता वाइन बार आहे. त्याला परवाना झटपट मिळाला. शनिवारी रात्री समोरच्या फ्लॅटमधले लोक तिथे पितात आणि माझ्या दाराशी ओकतात. ग्लेनिस अजूनही बुधवारी म्युरिअलबरोबर चॅपलची फुले रचते आणि त्या हरकतीबद्दल तिला एका शब्दानेही बोलत नाही. मी असतो तर फुलदाणी डोक्यात घातली असती.

गुरुवारी आमच्या गावचे साप्ताहिक येते. ग्लेनिस माझ्या दुकानात येते, स्टुलावर बसते आणि निधनाच्या जाहिराती वाचते. म्हाताऱ्यांना ओलांडत जाते. कोणी तरुण मुलगी दिसली की तिचे बोट थांबते. गेल्या आठवड्यात एक होती. जोआन की जोअ‍ॅना, चोवीस वर्षांची, 'अकस्मात', आईवडील आणि भाऊ असा परिवार. फोटो नव्हता.

"केन," ती म्हणाली, "यांच्या घरी फोन करून कसं विचारायचं रे? तुमची मुलगी उंच होती का, असं विचारू?"