कोमाद्रेंचा उतार

तेओफिलाने आयुष्यात एकोणीस पोरं नदीपार नेली. त्यात पोटचं एकही नाही. पोटचं न्यायचंच नसतं. न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगराळ गावात बाप्तिस्म्याला आई घरी थांबते. धर्ममाता मूल उचलते, पाण्यातून चालत पलीकडच्या चर्चमध्ये नेते आणि नाव ठेवून आणलं की दारात उभ्या आईच्या हाती परत देते. त्या घडीपासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणी भांडल्या तर चालतं, कोमाद्रेंनी भांडायचं नाही.

गावाचं नावच मुळी 'व्हादो दे लास कोमाद्रेस', कोमाद्रेंचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची त्यांची जागा. आणि भांडण झालं तेही या नावावरूनच.

नऊ वर्षांपूर्वी रस्ते खात्याचा एक माणूस पाटीवर लिहायला नावाची कहाणी विचारत आला. तेओफिला म्हणाली, "त्यात काय? पोरं घेऊन आम्ही इथूनच उतरतो, म्हणून."

शेजारच्या कासिमिराची लेक तेओफिलानेच नेलेली. कासिमिरा म्हणाली, "छे! पुरात दोन कोमाद्रे बुडाल्या, म्हणून. माझी आई सांगायची."

तेओफिला खो खो हसली. "अहो कोमाद्रे, तुमच्या आईच्या गोष्टीत दूध उतू गेलं तरी कुणीतरी बुडायचंच!"

परक्या माणसासमोर आईला हसलेलं कासिमिराला लागलं. पाटीवर नुसतं नाव आलं, आणि त्या दिवसापासून ती तेओफिलाला 'शेजारीणबाई' म्हणू लागली. मरण्याआधी तिच्या तोंडून एकदा 'कोमाद्रे' ऐकावं, एवढीच तेओफिलाची इच्छा उरली होती. पण आधी माघार घ्यायची कुणी? दोघी एकाच मातीच्या.

मग मे महिन्यात कासिमिराची नात येसेनिया तान्ही लेक घेऊन शहरातून आली आणि तेओफिलाला म्हणाली, "आईला तुम्ही नेलंत, मलाही तुम्हीच नेलंत. हिलाही न्या." कासिमिरा हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

"काकी, आता पूल आहे. गाडीने जाऊ," धर्मपिता ठरलेला तेओफिलाचा पुतण्या फिदेन्सिओ म्हणाला.

"तू जा पुलावरून. पोर माझ्याबरोबर येईल."

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी जाताना पाणी घोट्याएवढं होतं. पण पाद्रीबाबा दोन तास उशिरा आले; नाव ठेवून निघेपर्यंत दुपार टळली. मे महिन्यात दुपारच्या आत परतायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; उन्हाने वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. तरी एकोणऐंशीव्या वर्षी तेओफिला परतताना हट्टाने पाण्यात उतरलीच. मध्यावर पाणी मांडीला लागलं, पायाखालचा धोंडा सरकला. पूल सोडून तिच्या मागोमाग उतरलेल्या फिदेन्सिओने दंड धरला म्हणून निभावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या नदीची भीती वाटली, आणि कासिमिराची आई आठवली.

काठावर कासिमिरा उभी होती. तेओफिलाने पोर छातीशी घट्ट धरलं, धाप आवरली.

"तुमची आई खरं सांगायची," ती म्हणाली. "मी उगाच हसले."

कासिमिराने खांद्यावरची शाल काढून तेओफिला आणि पोरीभोवती गुंडाळली. तेव्हा तेओफिलाचं लक्ष खाली गेलं. कासिमिराचे बूट आणि मोजे दगडावर नीट ठेवलेले होते, आणि झगा गुडघ्यापर्यंत ओला होता.

"चला, कोमाद्रे," कासिमिरा म्हणाली. "पोरीची आई दारात ताटकळलीय."