साखळी मी काढली होती

मोर्शीच्या सुमनताई, गुडघा आता वाकतो का? बंडूभाऊ, साखर उतरली की अजून चोरून पेढे चालू आहेत? आणि शेषराव, उजव्या डोळ्याची पट्टी निघाली का रे? मी बरा आहे… कान तेवढे सुट्टीवर गेलेत.

परवा शेषरावच्या नातीने ग्रुपवर आमच्या लाकूड फोडायच्या मशीनचा फोटो टाकला. खाली तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, "वा काका, त्या काळात काय डोकं!" वाचलं आणि हे लिहायला बसलो…

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी अकोल्याला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये ऑइलमन. तेलाच्या दाबावर एवढा कापूस दबतो, तर लाकूड का फुटणार नाही, असं डोक्यात शिरलं. शिक्षण सातवी… पण हात स्वस्थ बसत नसत.

पातूरला शेषरावच्या वडिलांची, तात्यांची, लाकडाची वखार होती. तिथे रुळाच्या तुकड्यांची चौकट उभी केली. खाली ट्रकचा जुना तेलाचा जॅक, वर पोलादी पाचर. दांडा हापसला की ओंडका वर चढायचा आणि पाचरीवर चर्र करून फाटायचा. पाहायला अर्धं पातूर लोटलं!

मग माझ्या सुधारणा सुरू. दांड्याला लांब पाइप जोडला, जोर कमी लागू लागला. जॅक लवकर खाली यावा म्हणून दोन स्प्रिंगा लावल्या.

राहिली साखळी… ढलपी उडू नये म्हणून शेषराव प्रत्येक ओंडक्याला साखळी आवळायचा. लग्नसराई तोंडावर, पंगतींच्या चुलींना लाकूड पुरत नव्हतं, आणि मला त्या साखळीत जाणारा वेळ सलायचा.

"राहू दे नं गा," शेषराव म्हणाला. "हे बाभूय हाय. गाठ कुठं लपली, सांगता येत नाई."

"कावून भेऊन राह्यला बे? ड्रायव्हर होनार तू!"

त्याला बस ड्रायव्हरच्या नोकरीचा कॉल आला होता. पुढच्याच आठवड्यात डोळ्यांची तपासणी होती. मी हसत साखळी काढून खुंटीला टांगली आणि दांडा हापसू लागलो. पाचव्या-सहाव्या ओंडक्याला गाठ आडवी आली… ढलपी सुटली ती थेट त्याच्या डाव्या डोळ्यात.

दवाखान्यात तात्या ओरडले, "साखळी कोनं काढली?" मी तोंड उघडायच्या आत शेषराव म्हणाला, "म्याच काढली, तात्या."

"सोताच्या हातानं डोया फोडून घेतला लेकानं!" तात्या मरेपर्यंत हेच म्हणत राहिले. डोळा गेला, नोकरी गेली. जन्म वखारीतच गेला त्याचा. आणि मी गप्प… आधी भीतीनं, मग सवयीनं.

दुसऱ्या दिवशी मी ती साखळी रिव्हेट मारून चौकटीला कायमची बसवली. फोटोत ती दिसते. नातीने लिहिलंय, "काकांची सेफ्टीची आयडिया." बाई गं, आयडिया तुझ्या आजोबांची होती. मी ती खुंटीला टांगली होती.

शेषराव, त्या दिवशी मला का वाचवलंस, हे विचारायचं धाडस इतक्या वर्षांत झालं नाही. पट्टी निघाली असेल तर हे स्वतः वाच, नसेल तर नातीकडून वाचून घे. तिलाही कळू दे.

आणि लवकर लिही रे… शिव्या असल्या तरी चालतील.